शून्यावर ठेवलेला रकाना

मला त्या आलेखाची किळस येते. आमच्या भूगोल विभागाच्या भिंतीवर तो फ्रेम करून टांगलाय आणि तासाला जाताना रोज त्याच्यासमोरून जावं लागतं.

वाशिमला विहिरीच्या पाण्याचा कम्प्युटरवर अंदाज काढायचं प्रशिक्षण झालं तेव्हा मी फार खूश होतो. ब्राउझर उघडायचा, पाऊस, माती, पीक, मोटारींचा उपसा असं एकेका रकान्यात भरायचं, की विहिरीची पातळी पडद्यावर रेघेनं दिसते, थेट उन्हाळ्यापर्यंतची. मी लगेच दुसऱ्या वर्षाला प्रकल्प दिला. आपापल्या गावची विहीर दर रविवारी मोजा आणि रेघेशी ताडून पाहा. उपशाचा रकाना मात्र सगळ्यांसाठी शून्यावरच ठेवला. नाल्यावर मोटारी किती, हे आमच्याकडे कोणी खरं सांगत नाही आणि गावोगाव फिरून मोजायचा मला कंटाळा.

दिवाळीच्या तोंडावर वह्या आल्या. सगळ्यांचे आकडे रेघेशी तंतोतंत जुळत होते. पोरांनी विहिरीत डोकावलंही नव्हतं, पडद्यावरचेच आकडे उतरवले होते, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मेडशीकडच्या एकाच मुलीचे आकडे जुळेनात. तिनं दोरीला दर हातावर गाठ मारून, टोकाला दगड बांधून मोजलं होतं. वहीची पानं ओली होऊन वाळलेली. तिची विहीर रेघेच्या बरीच खाली होती.

तपासणी समिती दोन दिवसांवर आलेली. मी म्हणालो, "तुझी दोरी चुकली असेल. आकडे नीट करून आण."

"दोरी बराबर हाय, सर. मी दोनदा मोजलं."

"मग कम्प्युटर खोटं बोलतो का?"

दुसऱ्या दिवशी ती कोरी करकरीत वही घेऊन आली, आकडे रेघेशी जुळणारे. समितीला तिचाच आलेख आवडला, तिला पैकीच्या पैकी मार्क पडले आणि मी निर्लज्जासारखा सत्कार करून घेतला.

तिच्या वडिलांच्या मनात कमी पाण्यावर येणारा हरभरा होता. पण आलेखाची प्रत घरी गेली. त्यात मार्चपर्यंत पाणी दिसत होतं. पोरगी नको म्हणत होती, तर "सर सांगून राह्यले त खरंच असन," असं त्यांनीच तिला समजावलं आणि गहू पेरला. गहू ओंबीवर आला आणि विहिरीनं तळ दाखवला.

हे मला तिनंच सांगितलं, विभागाच्या दारात उभं राहून. आता ही रडणार, नाहीतर चार शब्द सुनावणार, असं वाटलं. सुनावले असते तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "सर, माहे मार्क कापा. ते आकडे माहे नव्हते."

"मार्क वर विद्यापीठात गेले गं. आता आपल्या हातात काही नाही."

मान हलवून ती बसस्टँडकडे निघून गेली. मार्कांची यादी तेव्हा माझ्याच टेबलाच्या खणात होती.