बाप हयात असताना उतरवलेली मिशी

निरंजन गोतमारे हा माझ्या धाकट्या भावाचा, नरहरीचा, मुलगा. तो रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात पाण्याच्या विभागात काम करतो. त्या कारखान्याचा स्वतःचा जलाशय आहे. पंप जिथून पाणी ओढतात, तिथे पाण्याखाली लोखंडी जाळी बसवलेली आहे. तिला जलपर्णी, पिशव्या आणि चिंध्या येऊन चिकटतात. ती जाळी साफ करणे हे निरंजनचे काम होते, आणि ते तो केवळ छातीत श्वास भरून, बुडी मारून करत असे.

हे त्याला कोणी शिकवले नव्हते. खारून नदीत महादेव घाटावर तो लहानपणापासून पोहत आला. कोणाची अंगठी पाण्यात पडली, कोणाची बादली विहिरीत राहिली, की आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, लोक त्यालाच हाक मारत. तो पाण्यात गेला की काठावरचे लोक हौसेने आपलाही श्वास धरून पाहत. त्यांचा श्वास सुटे, पण निरंजन वर येत नसे. नरहरीला याचा अभिमान होता. त्याहून अधिक अभिमान त्याला मुलाच्या मिशीचा होता. दाट आणि टोकांना वळलेली ती मिशी हुबेहूब नरहरीसारखी आणि आमच्या वडिलांसारखी होती. आमच्या घरात बाप हयात असताना मुलगा मिशी काढत नाही. बाप गेल्यावर दहाव्याला, घाटावर बसून काढतो. नरहरीनेही ती आयुष्यात एकदाच काढली होती.

मागील वर्षी दुसऱ्या एका कारखान्यात असाच बुडी मारणारा मजूर जाळीपाशी अडकला आणि वर आला नाही. त्यानंतर निरंजनच्या साहेबांनी नियम केला की हवेचे सिलिंडर आणि पूर्ण साधने असल्याशिवाय कोणीही पाण्याखाली जायचे नाही. जो प्रशिक्षण घेऊन परीक्षेत उत्तीर्ण होईल, त्याला कायम नोकरी मिळणार होती. कोणी उत्तीर्ण झाला नाही, तर ते काम विशाखापट्टणमच्या ठेकेदाराकडे जाणार होते. निरंजनचे अर्धे आयुष्य ठेकेदाराच्या हाताखाली गेले होते. त्यामुळे घरातील प्रत्येकाचे लक्ष या परीक्षेकडे लागले होते.

शिकवणारे श्रीपाद सर हे नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे. ते शंकर नगरात राहतात. पोहण्याच्या तलावावर पहिल्या दिवशी मी आणि निरंजनची बायको क्षमा डबा घेऊन गेलो होतो, म्हणून पुढील हकिगत मी स्वतः पाहिलेली आहे.

सरांनी बाकावर सर्व साधने मांडली होती. पाठीवरचे सिलिंडर होते, तोंडात धरण्याची नळी होती, फुगणारे जाकीट होते, शिशाच्या वजनांचा पट्टा होता. संकटात हा पट्टा एका ओढीत सुटून पडला पाहिजे, असे सरांनी सांगितले. निरंजनने तो आधी बैलाचे दावे बांधावे तसा गाठ मारून बांधला होता. सरांनी ती गाठ त्याच्याकडूनच सोडवून घेतली.

मग डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क निवडायचा होता. निरंजनने निळ्या काचेचा एक ऐटदार मास्क उचलला. सर म्हणाले, "दिसतो कसा ते आरशाला विचारा. बसतो कसा ते नाकाला विचारा."

मास्कचा पट्टा डोक्याला न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलकेच श्वास ओढायचा आणि हात सोडायचे. मास्क चिकटून राहिला, तर तो आपल्या मापाचा. क्षमाने सहज एक लावून पाहिला, तो चिकटला. निरंजनने एकामागून एक सगळे लावले, आणि सगळे त्याच्या मांडीवर पडले. सरांनी त्याच्या नाकाखाली बोट ठेवले आणि हवा इथून शिरते असे दाखवले. मिशीच्या केसांमुळे रबराची कड कातडीला टेकतच नव्हती.

निरंजनने उपाय पुष्कळ केले. त्याने पट्टा इतका आवळला की डोके दुखू लागले, तरी पाणी आत येतच राहिले. दुसऱ्या दिवशी तो मिशीला खोबरेल तेल चोपडून गेला, तेव्हा तेल काचेवर पसरले आणि त्याला समोरची भिंत दिसेना. मास्कमध्ये आलेले पाणी बाहेर कसे काढावे हे सरांनी शिकवले. मान वर करायची, मास्कची वरची कड दाबायची आणि नाकाने हवा सोडायची. निरंजनला ते जमले, पण काढलेले पाणी क्षणात परत येई. शेवटी सरांनी शांतपणे सांगितले की जाळीपाशी पाणी काळे असते आणि दोन्ही हात कामात असतात, म्हणून असा गळका मास्क घालून त्याला ते उत्तीर्ण करणार नाहीत.

त्या संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसलो. नरहरीच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन फार दिवस झाले नव्हते. मिशीचा विषय निघाला तेव्हा नरहरी म्हणाला, "मी हावो ना अजून जित्ता. मंग पोट्टा मिशा काहून उतरवते?"

निरंजन म्हणाला, "मी कुठं उतरवून राहिलो, बाबा? आत्ताच तुमचं ऑपरेशन झालं. माह्या हातून असं होणार नाही. जाऊ द्या ते नोकरी."

क्षमाचा जन्म रायपूरचा. तिला मराठी सर्व समजते, पण राग आला की ती हिंदीतच बोलते. ताटे उचलता उचलता ती म्हणाली, "मूँछ तो फिर उग जाएगी, बाबूजी." नरहरी हात धुवायला उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरी कोणालाही न विचारता आमच्याबरोबर तलावावर आला आणि काठावर खुर्ची टाकून बसला. निरंजन सरांबरोबर खोल बाजूला उतरला. पाणी स्वच्छ होते, त्यामुळे वरून सर्व दिसत होते. थोड्या वेळाने त्याच्या मास्कमध्ये पाणी भरले आणि बहुधा नाकातही गेले. तेव्हा त्याने जन्मभर केले होते तेच केले. श्वास घट्ट धरला आणि पाय मारून वर उसळला. सरांनी झडप घालून त्याचा पाय पकडला, त्याला तिथेच रोखले आणि त्याच्या छातीवर थाप मारून हवा सोडायला लावली. बुडबुडे वर आले. मग दोघे अगदी सावकाश वर आले.

नरहरी खुर्चीवरून उठला होता. त्याने सरांना विचारले की पोरगा वर येत असताना त्याला का धरले.

सर म्हणाले, "काका, सिलिंडरची हवा छातीत भरून, श्वास धरून कोणी वर आला, तर ती हवा आत फुगते. फुप्फुस फाटतं. इथे श्वास कधीच धरायचा नसतो. पण नाकात पाणी गेलं की याची जुनी सवय जागी होते."

नरहरीने बाकावरचा एक मास्क उचलून स्वतःच्या चेहऱ्याला लावला, श्वास ओढला आणि हात सोडले. मास्क त्याच्या पायाशी पडला. त्याने तो उचलून, पुसून जागेवर ठेवला.

परतताना त्याने रिक्षा न्हाव्याच्या दुकानासमोर थांबवली. निरंजन उतरेना. नरहरी म्हणाला, "मेल्यावर काढशीन ते माह्यासाठी. आज तुह्यासाठी काढ. मी संगं बसतो."

दुकानात न्हाव्याने मिशी काढायची असे ऐकले आणि त्याचा चेहरा उतरला. तो निरंजनच्या कानाशी वाकून छत्तीसगढीत म्हणाला, "कब होइस, भैया?"

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या नरहरीने त्याला उत्तर दिले, "अभी होना बाकी है. तू उस्तरा चला."

बातमीला मात्र पाय फुटले. कोणीतरी निरंजनला मिशीशिवाय पेट्रोल पंपावर पाहिले असावे. दुसऱ्या दिवशी अभनपूरहून आमचा चुलतभाऊ शामराव खांद्यावर पांढरा पंचा टाकून दारात उभा राहिला. दार नरहरीने उघडले. शामरावने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. मग म्हणाला, "काबे, तू हायेस?"

"हावो. चहा घेशीन?"

"मी त दुकान बंद करून आलो बे," असे शामराव इतक्या तक्रारीच्या सुरात म्हणाला, की आत क्षमाला हसू आवरेना. तो चहा पिऊन, जेवून आणि दुपारची झोप काढून मगच गेला. त्यानंतर नरहरी रोज सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागला. येणारा-जाणारा त्याला पाहत असे, आणि मग कोणी काही विचारत नसे.

मिशी गेल्यावर निरंजनला त्या ऐटदार निळ्या काचेऐवजी एक साधा काळा मास्क नीट बसला. परंतु मास्क बसला म्हणून सवय बदलत नाही. तो रोज तलावावर जाऊन सरांच्या समोर मुद्दाम मास्कमध्ये पाणी घेई, ते काढी, आणि श्वास चालू ठेवण्याचा सराव करी. घरी भाजी निवडतानाही तो तोंडाने एकसारखा श्वास घेत आणि सोडत बसे. क्षमा त्याला कुकर म्हणू लागली.

परीक्षेच्या दिवशी सरांनी खोल पाण्यात कल्पना न देता त्याचा मास्क ओढून काढला. मी डोळे मिटून घेतले, म्हणून ते मी पाहिले नाही. क्षमाने सांगितले की निरंजन जागचा हलला नाही. नळीतून श्वास घेत त्याने हाताने मास्क चाचपून शोधला, चढवला, आतील पाणी बाहेर काढले, आणि सरांना बोटांनी सर्व ठीक असल्याची खूण केली. मी डोळे उघडले तेव्हा बुडबुडे आधी वर येत होते आणि त्यांच्या मागून निरंजन.

कायम नोकरीच्या पहिल्या दिवशी तो सिलतऱ्याच्या जलाशयात जाळीपाशी उतरला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मास्कच्या कडेचा लाल वळ त्याच्या चेहऱ्यावर उमटलेला होता. नरहरीने त्याला दिव्याखाली उभे केले, हनुवटी धरून मान वर केली, आणि कपाळापासून गालावरून ओठाच्या वरपर्यंत तो वळ बोटाने तपासला. तो कुठेही तुटलेला नव्हता.

"पाणी?" नरहरीने विचारले.

"थेंब नाही," निरंजन म्हणाला.