हालस्टाटला मी एकटीच निघाले होते

मंडळी, सकाळपासून जिवाला स्वस्थता नाही, म्हणून लिहितेय.

ऑस्ट्रियात तळ्याकाठी हालस्टाट नावाचं गाव आहे. लाकडी घरं, खिडक्यांत फुलं, मागे डोंगर. लग्न झाल्यापासून मी नवऱ्याला म्हणतेय, तिथे जाऊया. त्यांचं ठरलेलं उत्तर, "तळं कात्रजलाही आहे."

आज मी तिथे जाणाऱ्या एका सहलीत माझ्या एकटीचं बुकिंग केलं आणि चहा देताना त्यांना सांगून टाकलं.

"एकटीच?"

"हो."

ते चहा संपवून हडपसरला ऑफिसला गेले. मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. वाटलं, निदान भांडायचं तरी!

दुपारी त्यांचा फोन आला. "अगं, त्या सहलीत अजून एक जागा आहे. मी विचारलं. येऊ का?"

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. पण ऐकलं आणि चक्क हिरमुसले. त्या तळ्याकाठी एकटीने बसायचं, हे मनात फारच पक्कं झालं होतं.

"घरी या, मग बोलू," एवढंच म्हणाले.

आता जिन्यात त्यांची चाहूल लागलीये. खरं सांगा, तुम्ही काय उत्तर दिलं असतं?