आरशातला कृष्ण आणि मधली दोन पानं

कार्तिक वद्य सप्तमी, १९४४. सकाळचे आठ. साताऱ्यातला आमचा शिळाप्रेस. हजर: मालकीण अक्का, पुस्तकाचे गिऱ्हाईक सुभेदार रंगराव, राहणार पलूस, चित्रं काढणारा गणू चितारी, मशीनवरचा बिरू, राहणार म्हसवड, आणि मी, मॅनेजर. गैरहजर कोणी नाही. मला मात्र त्या सकाळी गैरहजर राहायला आवडलं असतं.

टेबलावर एक हजार छापील ताव होते. वरच्या तावावर घोंगडी पांघरलेला कृष्ण मेघगिळ्या राक्षसाच्या पुढ्यात उभा होता. चित्र झकास होतं. फक्त दोघांच्या तोंडची सगळी अक्षरं उलटी होती. एका तावाची नव्हे, हजारही तावांची.

सुभेदारांनी पहिली ओळ वाचून पाहिली, मग ताव फिरवून पाहिला. "मॅनेजर, ही कुठली भाषा हाय?"

आधी पुस्तकाबद्दल सांगतो. सुभेदार ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून रजेवर आले होते. तिथे अमेरिकन शिपायांनी टाकून दिलेलं एक चित्रांचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. त्यात आभाळात उडणारा एक जबर ताकदीचा माणूस होता आणि त्याने चड्डी विजारीवरून घातली होती. सुभेदारांच्या कंपनीतली पोरं सगळी आपल्या मुलखातली, निम्मी तालमीतली. लंगोट आतून बांधायचा की बाहेरून हेही ज्याला कळत नाही तो कसला पैलवान, असं ठरलं आणि कंपनीने बसून स्वतःची गोष्ट रचली. नायक वज्रनाथ पैलवान. खलनायक मेघगिळ्या, त्याने माणदेशावरचे ढग गिळून लोखंडी पेटीत कोंडलेले. पैलवानाची ताकद संपते तिथे धनगराच्या वेषात कृष्ण येतो आणि कपटाने राक्षसाला हरवतो. पुढच्या रजेला जाईल त्याने पुस्तक छापून आणायचं, असा सुभेदारांनी सगळ्यांना शब्द दिलेला. म्हसवडच्या रथाला नऊ दिवस उरले होते. यात्रेत पुस्तक वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन गाडी पकडायची, एवढीच त्यांची रजा होती.

आता चूक. शिळाप्रेस म्हणजे दगडावरून छपाई. चित्र तेलकट शाईने ट्रान्स्फर पेपरवर सरळ काढायचं. तो कागद दगडावर दाबला की चित्र दगडावर उलटं उतरतं आणि दगडावरून छापलं की पुन्हा सरळ होतं. आमचा ट्रान्स्फर पेपर शेवटी छापायच्या मधल्या तावाआधी संपला. लढाईमुळे तो कुठे मिळेना. म्हणून मी गणूला थेट दगडावर काढायला सांगितलं. थेट काढायचं तर उलटं काढावं लागतं. गणूचा जन्म देवळाच्या भिंती आणि तालमीच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. त्याने दगडही भिंतीसारखा सरळ रंगवला.

गणूवर हे ढकलता आलं असतं. पण त्या दगडाचं प्रूफ मी पाहिलं होतं. लढाईत कागद परमिटावर मोजून मिळे, तो वाचवावा म्हणून ताव न काढता नुसता दगड वाचला. अक्षर न अक्षर सुरेख वाचता आलं. यादीत 'प्रूफ पाहिले' यापुढे खूण केली आणि ट्रान्स्फर पेपर शोधायला दोन दिवस सांगलीला निघून गेलो. वीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला दगड सुरेख वाचता आला, तेव्हाच त्याने घाबरायला हवं होतं.

माझ्यामागे बिरूने हजार ताव छापले. अक्का त्याला म्हणाल्या, "अरे, एकदा तरी बघायचं."

"बघितलं की अक्का," बिरू म्हणाला. "देवाच्या डाव्या हातात काठी दिसली. म्हटलं, देव हाय, त्याला डावं-उजवं सारखंच. आन् वाचाया मला कुठं येतंय?"

मी पाटी घेतली आणि उपाय लिहिले. एक, नवा कागद: परमिट संपलं होतं, पुढचं पौषात मिळणार. दोन, मधली पानं गाळणे: गोष्टीचा जीवच त्या दोन पानांत. तीन, अक्षरांवर चिठ्ठ्या डकवणे: चिठ्ठ्यांनाही कागद लागतो. तिन्हींवर काट मारली. सुभेदार खिशातून वही काढून तिची पानं चाळत बसले. त्या वहीत कंपनीतल्या बऱ्याच जणांच्या अक्षरात गोष्ट लिहिलेली होती.

गणू हात जोडून म्हणाला, "माझी मजुरी नको. घरला जातो."

"बस खाली," अक्का म्हणाल्या. "पळून गेलास तर सरळ कोण करणार?"

तेवढ्यात बिरूने खिळ्यावरचा आरसा काढला. दगडावरची उलटी अक्षरं तपासायला शिळाप्रेसमध्ये आरसा ठेवतात. आमचाही होता, मी त्या दिवशी वापरला नव्हता इतकंच. बिरूने तो तावासमोर धरला. "आता वाचा. मला सरळ वाटतंय."

सुभेदारांनी मोठ्याने वाचलं: "ढग तुझ्या पेटीत आहेत, पण गडगडतात माझ्या नावाने." पान आठ. पुढे पान नऊही वाचलं. आरशात पानंसुद्धा आपापल्या जागी आली होती.

"छान," मी म्हणालो. "आणि हजार लोकांना हजार आरसे कोण देणार?"

"आवं, यात्रेत आरसं काय कमी हायती? कासाराकडं आरसं, न्हाव्याकडं आरसं."

"पण लोकांनी आरसा का धरावा? त्यांना छपाई चुकली असंच वाटेल."

अक्कांनी सुभेदारांकडे पाहिलं. "रंगराव, तुमच्या गोष्टीत एक भोक आहे, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. जो समोर उभा राहील तो हरेल, असा त्या राक्षसाला वर आहे. मग कृष्ण समोर उभा राहून जिंकतो कसा?"

"तवा म्हटलंच की मी, देव हाय, चालतंय."

"नाही चालत. पण तो समोर नसेलच तर?"

सुभेदारांनी पुन्हा आरशात पाहिलं. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "आरशात हाय गडी! मेघगिळ्या ज्याच्याशी बोलतोय तो समोर न्हाईच!"

आता छपाईची बाजू पाहिली. सोळा पानांचं पुस्तक म्हणजे चार ताव, प्रत्येक तावाच्या एका अंगाला दोन पानं. बाकीचे तीन ताव दोन्ही बाजूंनी छापून झाले होते. मधल्या तावाच्या आतल्या अंगाला आठ आणि नऊ, ती उलटी. पाठीला सात आणि दहा, ती अजून छापायची होती. म्हणजे कृष्णाने सातव्या पानावर आरशात शिरायचं आणि दहाव्यावर काम उरकायचं. जागा तेवढीच.

गणूने सात आणि दहा ही पानं नव्याने काढली, थेट दगडावर, या वेळी समोर आरसा टांगून उलटी. सातव्या पानावर धनगर मेघगिळ्याच्या महालात मोठा आरसा आणून उभा करतो, स्वतः त्यात शिरतो आणि वाचणाऱ्याकडे वळून म्हणतो, "इथून पुढे मी आरशात बोलेन. ज्याच्याकडे आरसा असेल त्यालाच कळेल." दहाव्या पानावर मेघगिळ्या आरशातल्या देवावर डोकं आपटून भुईसपाट होतो. वज्रनाथ पेटी फोडतो आणि ढग माणदेशाकडे निघतात. लंगोट आतून.

या वेळी मी रद्दी तावाच्या पाठीवर प्रूफ काढलं. स्वतः वाचलं, अक्कांना वाचायला दिलं आणि मग खूण केली. पाचव्या दिवशी पुस्तकं शिवून तयार झाली.

रथाच्या दिवशी मी आणि बिरू म्हसवडला सुभेदारांच्या मदतीला गेलो. पहिला तास वाईट गेला. एक म्हातारबाबा मधली पानं उघडून म्हणाले, "आवं, ह्ये उलटं छापलंय." सुभेदार शांतपणे म्हणाले, "बाबा, सातवं पान वाचून घ्या कुणाकडनं." बाबांच्या नातीने वाचून दाखवलं आणि ती बाबांना ओढत शेजारच्या न्हाव्याकडे घेऊन गेली. न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्धी दाढी करून बसलेलं. नातीने आरशासमोर पान धरून मोठ्याने वाचलं. ऐकणारे दहा झाले, मग पन्नास. न्हाव्याने वस्तरा ठेवला आणि तोच वाचायला लागला. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईकही तक्रार विसरलं. त्याला पुढचं ऐकायचं होतं. कासारांनी पाठीमागे ठेवलेले हातआरसे पुढे मांडले. रथ निघायच्या आधी आमच्याकडे कंपनीसाठी बांधलेला गठ्ठा तेवढा उरला होता. तोही लोक मागत होते. सुभेदार त्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी पकडली. दोन महिन्यांनी पत्र आलं. कंपनीत दाढीच्या आरशापुढे रांग लागते आणि निम्मे लोक दाढी न करताच परत जातात, म्हणून साहेब चिडला आहे. शेवटी लिहिलं होतं, शब्द पाळला गेला.

त्यानंतर चार जणांनी विचारलं की अशी उलटी पानं छापायची युक्ती तुम्हाला सुचली कशी. मी प्रत्येकाला खरं सांगितलं. एकानेही विश्वास ठेवला नाही. नव्या माणसाला मी एवढंच शिकवतो: दगड सहज वाचता आला तर मशीन थांबवायचं आणि मॅनेजरला बोलवायचं, मॅनेजरनेच तो वाचला असला तरीही.

एक काम मात्र राहिलं आहे. काम संपलेला दगड घासून पुढच्या कामासाठी कोरा करायचा असतो. आठ-नऊ पानांचा दगड खिडकीखाली उभा आहे. दर सोमवारी मी यादीत लिहितो, 'दगड घासणे, बिरू'. दर सोमवारी बिरू दुसराच दगड घेतो. मी विचारत नाही. आता युद्ध संपूनही तीन वर्षं झाली, पण त्या ओळीपुढे अजून खूण नाही.