बसऱ्याला निघालेला खोबऱ्या

दानम्माच्या घरून कुणी रिकाम्या हातानं परत गेलं, असं सांगणारा माणूस केज तालुक्यात अजून जन्माला यायचा होता. शेजारणीची वाटी परत जायची, ती शेंगा नाहीतर डाळ घेऊनच. नवरा गुरुलिंग म्हणायचा, "हिच्या घरात चोर शिरला तरी ही म्हणंल, थांब रे बाबा, असा मोकळाच का रं चाललास?" बोलायचा थट्टेनं, पण चारचौघांत छाती फुगवून फिरायचा तो बायकोच्या याच हातामुळं.

निजामाच्या राज्यातले ते दिवस. रेल्वे येडशीला येऊन पोचली होती, आणि तिच्यामागोमाग मुंबईच्या एका पेढीचा गुमास्ता, मोहनराव, आंबे हुडकत गावात आला. दानम्माच्या आमराईत 'खोबऱ्या' नावाचं एक झाड होतं. सासूनं घागरीनं पाणी घालून वाढवलेलं. आंबा घट्ट, चवीला अगदी ओल्या नारळासारखा. मोहनरावानं तो खाल्ला, कोय चोखून पांढरी केली आणि म्हणाला, "हा आगबोटीनं बसऱ्याला जाईल. कच्चा उतरवायचा, गवतात भरायचा. तिथं पोचेपर्यंत हळूहळू पिकेल."

"बसरा कुठशिक आलं?" दानम्मानं विचारलं.

"दर्यापार. अरबांच्या मुलखात."

दानम्मा त्या झाडाकडं बघतच राहिली. "आमच्या सासूबाई जन्मात कपिलधारच्या जत्रंपलीकडं गेल्या न्हाईत, आन् त्यांचं झाड दर्यापार जाणार?" त्या दिवसापासून तिनं ते मनावरच घेतलं. खोबऱ्या बसऱ्याला पोचलाच पाहिजे.

लांब काठीच्या जाळीदार झेल्यानं आंबे अलगद उतरवले. देठाचा चीक पुसून करंड्यांत गवताचा थर, आंब्याचा थर असं भरलं. गुरुलिंग तोंडं शिवायला सुतळी आणायला गेला, तेवढ्यात दानम्मानं प्रत्येक करंडीत वरच्या बाजूला एकेक पाडाचा आंबा ठेवला, झाडावरच पिकलेला, पिवळाधमक. परमुलखातलं माणूस हौसेनं करंडी उघडणार आणि आत सगळं कच्चंच? एक तरी लगेच खाता यावा, एवढाच तिचा विचार.

येडशीहून परतलेला गुरुलिंग गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला लागला. "अगं, काय वास सुटला म्हणतीस! कळंबच्या बाजारात माणसं गाडीमागं चालत आली. टेसनातला बाबू खुर्ची सोडून भाईर आला बघ!" दोघं नवरा-बायको हरखून गेली. वास तर खरा होता, पण सगळा घात त्याच वासात होता.

मोहनराव आला तो तोंड पाडून. मुंबईच्या बंदरावरच करंड्या गळायला लागल्या होत्या. हमालांच्या डोक्यावरून रस ओघळला, आणि आगबोटीवाल्यांनी माल चढवूच दिला नाही. गुरुलिंगानं रेल्वेच्या लोखंडी डब्याला शिव्या घालायला सुरुवात केली. दानम्मा दाराशी उभी होती. तिनं एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"त्या डब्याला बोलू नगा. घात मीच केला. आढी लौकर पिकावी म्हणून आपण मधी काय घालतो? पाडाचा आंबा. त्याच्या संगतीनं बाकीचे पिकत्यात. मी तर प्रत्येक करंडीत आढीच लावून दिली की वं!"

मोहनरावाला हसू आवरेना. "बाई, तुमच्या पाहुणचारानं मुंबईचं बंदर गोड केलं!" पण लगेच आवाज उतरवून म्हणाला, "शेंड्याचे आंबे शिल्लक आहेत. मालक आणखी एकदाच घेणार. पुन्हा गळाले, तर बसऱ्याचं नाव काढायचं नाही."

दुसऱ्या खेपेला दानम्मा करंड्यांपुढं पाडाचा आंबा हातात धरून बसली. गुरुलिंग जागचा हलला नाही.

"ठिव खाली."

"अवं, ती माणसं म्हणतील, बाईचा हात लई आखडता हाय."

"म्हणू दी."

तिनं आंबा खाली ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. ओटी न भरताच पोरीला सासरी धाडावं, तसं तिला झालं. गाडी निघाली, वास काही आला नाही, आणि आता तेही गुरुलिंगाला बरं वाटेना.

पावसाळा सरला तरी मोहनरावाचा पत्ता नाही. येडशीकडून येणारी एकही गाडी दानम्मानं विचारल्याशिवाय पुढं जाऊ दिली नाही. शेवटी ऐन दिवाळीत तो आला. मागं गड्याच्या डोक्यावर तिचीच एक करंडी, तोंड शिवलेली.

"एक आंबा डागाळला नाही!" तो लांबूनच ओरडला. "पुढल्या साली अख्खं झाड हवंय!"

गुरुलिंगानं पटका हवेत उडवला. दानम्माला मात्र वेगळीच काळजी. "आन् करंडी कोरडीच गेली म्हणून कुणी काही बोललं का?"

"तिथल्या व्यापाऱ्याच्या बायकोनं ही करंडी ठेवून घेतली होती. निरोप धाडलाय, परत द्यायची ती रिकामी द्यायची नाही."

दानम्मानं सुतळी तोडली. आत थरावर थर घट्ट खजूर. आणि वर पानात गुंडाळून ठेवलेला, लगेच खायला, मूठभर मऊ पिकलेला खजूर. वाटेत तो विरघळला होता आणि खाली झिरपून सगळ्या करंडीचा एकच गोळा झाला होता.

"अरारा, नासलं की सगळं!" गुरुलिंग म्हणाला.

दानम्मा खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "नासलं न्हाई वं. तिनं बी वर पाडाचंच ठिवलंय!"

मग तिनं विळी आणली, गोळा कापला, आणि पहिला तुकडा करंडी आणणाऱ्या गड्याच्या हातावर ठेवला.