बाभळीला घातलेला वेढा

खरं सांगायचं तर त्या काळात मी देवावर रागावलेलो होतो. माझे वडील जयगडकडच्या एका गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते आणि मी त्यांच्या हाताखाली खलाशी. हंगामाच्या शेवटच्या खेपेला वादळात सापडलो. शिडाचा दोर कप्पीत असा अडकला की सोडवता सोडवेना, आणि वाऱ्याने भरलेलं शीड डोलकाठी मोडून वडिलांसकट समुद्रात गेलं. मी चार हातांवर उभा होतो. निघताना त्या डोलकाठीला हळदकुंकू लावून नारळ मीच फोडला होता. त्याचं हे फळ! म्हटलं, बस झालं. आई आणि धाकटा भाऊ दिनू यांना घेऊन चिंचवडला आलो. आई दर चतुर्थीला मोरयाच्या दर्शनाला जायची आणि मी देवळाबाहेर विडी ओढत उभा राहायचो.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर कारखान्यांची बांधकामं निघाली होती आणि ठेकेदार आम्हा कोकणातल्या खलाशांना हुडकत यायचे. छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्या वर चढवायच्या तर आधी भला उंच लाकडी खांब उभा करायचा, चारी बाजूंनी ताणाचे दोर देऊन तो उभा ठेवायचा. आम्ही त्याला डोलकाठीच म्हणायचो. वर चढायला दिनूसारखा गडी नव्हता. कामाला निघताना आई रोज बजावायची, "त्याला वर धाडतोस तर नजर तुझी हवी हां. एक गेला, आता दुसरा नाही द्यायचा मला."

वैशाखातली दुपार होती. दिनू टोकावर बसून कप्पीत दोर ओवत होता. खांब जरा पश्चिमेला कलला होता, तो सरळ करायला पश्चिमेचा ताण मी खुंटीवरून सैल करून हातात धरला होता. खुंटीला दोनच वेढे होते. तेवढ्यात शेजारच्या शेताचा मालक, एक म्हातारा, तणतणत आला. आमची खुंटी त्याच्या बांधात ठोकलेली होती.

"बांध फोडलाय माजा! आदी ती खुटी काडा!"

"काम झालं की काढतो, बाबा. बाजूला व्हा, दोराखाली येऊ नका," मी खेकसलो. पण तो कसला हलतोय! तिथंच उभा राहून माझा उद्धार करत राहिला.

आणि पश्चिमेकडून धुळीची भिंत आली. गलबतावर असा वारा आला की पहिलं काम एकच, शिडाचा दोर सोडायचा. शीड मोकळं झालं की वारा निघून जातो आणि गलबत सावरतं. चौदाव्या वर्षापासून हाताला हेच वळण, त्यात वडिलांचा तो अडकलेला दोर मी विसरलो नव्हतो. "सोऽऽड!" असं ओरडून मी दोन्ही वेढे उडवून दिले. अरे देवा! इथं शीड कुठं होतं? तो तर खांबाला वाऱ्यासमोर उभा धरणारा दोर होता.

चूक कळेपर्यंत तळहाताची सालपटं काढत दोर सुटला. खांब पूर्वेकडे झुकला. वरून दिनू किंचाळला, "दादाऽऽ!" आणि इतकी वर्षं ज्याच्याशी अबोला धरला होता त्याला मी हाक मारली, "देवा, हा नको रे! हा नको!"

दोर हिसका बसून थांबला. म्हाताऱ्याने पळता दोर पकडून बांधावरच्या बाभळीला दोन वेढे दिले होते आणि बुंध्याला पाय लावून तो मागं रेलला होता. "आरं, बगत काय ऱ्हायलास? धर की!" मी धावत जाऊन धरला. वाऱ्याचा झोत गेला. खांब कलता राहिला, पण राहिला.

दिनू उतरल्यावर मी त्याला आधी एक थोबाडीत दिली आणि मग मिठी मारून रडलो. थोबाडीत खरी मलाच हवी होती. म्हाताऱ्याच्या पाया पडायला गेलो तर तो मागं सरला.

"माज्या पाया कशाला पडतोस? म्या तर तुला शिव्या द्याया आलो व्हतो. जल्मभर हिरीवर मोटंचा नाडा धरलाय, सुटता दोर दिसला म्हून हात गेला."

मी शिकलेला नाही, वाद घालायची माझी ऐपत नाही. बांधात खुंटी ठोकली ही माझी मुजोरी. त्या मुजोरीपायीच तो माणूस नेमक्या वेळी नेमक्या जागी उभा होता. माझं सगळं कसब त्या क्षणी उलटलं आणि भांडायला आलेल्या हाताने माझा भाऊ राखला. वडील का गेले, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. पण तो हिशेब मी आता मागत नाही. जे आपल्या हातून सुटतं, ते धरणारा कुणी आहे, एवढं मानून चालतो.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिने दिनूच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता देवळात चल म्हणेल. ती म्हणाली, "त्या बाबाचा बांध नीट करून दिलास काय?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही तिघंही गेलो. दिनू माती खणत होता, आई पाटी भरत होती, आणि सोललेल्या हातांनी बांधावर माती थापताना माझ्या तोंडून आपोआप मोरयाचं नाव येत होतं.