तुरळक ठिकाणी

हवामानाच्या अंदाजातल्या एका शब्दावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं वाजलं, आणि चार दिवसांत तो गेला. गावात म्हणतात, ऊन लागून गेला. म्हणू देत. मला काय झालं ते माहीत आहे.

मी परभणीत मराठी शिकवायचो. बायको वारली, मी निवृत्त झालो, आणि पोखर्णीजवळच्या आमच्या गावात दादा-वहिनीकडे राहायला आलो. दादा शेत बघायचा, मी पेपर बघायचो. रोज सकाळी मोबाईलवर जिल्ह्याचा अंदाज यायचा, तो मी दादाला वाचून दाखवायचो. त्याला बारीक अक्षर दिसायचं नाही, आणि चष्मा कर म्हटलं की अंगावर यायचा. वहिनीला वाचताच येत नाही. घरात शिकलेला मी एकटा, आणि खरं सांगतो, त्याची मला घमेंड होती.

यंदा एप्रिलात दादानं हळद शिजवून शेतात वाळत घातली होती. शिजवलेली हळद भिजली की तिचा रंग जातो, मग वर्षभराची मेहनत पाण्यात. नेमका तेव्हाच अंदाज आला: पुढचे दोन दिवस तुरळक ठिकाणी वादळी वारे, विजांचा कडकडाट आणि पाऊस.

दादा म्हणाला, "तुरळकच हाय नव्हं? चार थेंबानं काय हुतंय? ऱ्हाऊ दे उघडी."

"अरे दादा, पाऊस तुरळक नाही, ठिकाणं तुरळक! तुरळक हे ठिकाणाचं विशेषण आहे. सगळीकडं पडणार नाही, पण जिथं पडेल तिथं झोडपून काढेल."

"मग आपल्या हितं पडंल का न्हाई, तेवढं सांग."

"ते कसं सांगणार?"

"मग वाचायलास कशाला, मास्तर?"

झालं, माझं डोकं फिरलं. अख्खा जन्म पोरांना विशेषणं शिकवली, आणि घरचा माणूस ऐकेना! मी हट्टाला पेटलो. वहिनीला विजेची भीती घातली, दादाला शेतात जाऊ देऊ नका म्हणून सांगितलं. शेवटी वहिनीच्या रडण्यापुढं त्यानं हार मानली. हळद गोळा केली, ढीग मारून वर ताडपत्री टाकली आणि दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत बसला.

दोन दिवस आभाळ नुसतं गुरगुरलं. सेलूकडं गारा पडल्याची खबर आली, आमच्याकडं धूळ उडाली आणि थेंब नाही. हवा तेवढी गार झाली, पहाटे अंगावर चादर घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताडपत्री काढली, तर आत घाम धरून खालच्या हळदीवर बुरशी चढली होती. दादानं त्यातलं एक कांड आणून माझ्या नाकासमोर धरलं.

"हे घे तुजं विशेषण."

एवढ्यावर थांबला असता तर मी गिळलं असतं. पण त्यानं चहाच्या हॉटेलात सगळं रंगवून सांगितलं. तासाभरानं मी तिकडं गेलो, तर एकानं विचारलं, "मास्तर, च्या कसा देऊ? भरून का तुरळक?" सगळं हॉटेल हसलं. दादा सगळ्यात मोठ्यानं हसला. आयुष्यात मला कुणी असं हसलं नव्हतं. मी चहा न घेता घरी आलो आणि जेवलो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंदाज आला. वादळाचं सावट गेलं होतं. आता तापमान झपाट्यानं वाढणार, दुपारच्या उन्हात काम करू नये, वयस्कर माणसांनी जास्त जपावं. मी दोनदा वाचलं. दादा समोर भाकरी खात होता. बुडालेलं ऊन भरून काढायचं म्हणून दिवसभर हळद उलथायला निघाला होता.

"काय म्हंतोय तुजा अंदाज? आज तुरळक काय पडायलंय?"

वहिनीसुद्धा पदराआड हसली. मी मोबाईल खिशात घातला.

"काही नाही," म्हणालो.

आणि मनात म्हणालो, जा, भाजून घे. हो, हेच म्हणालो. आता गोडगोड लिहून काय करू?

उन्हात हाडं झिजवलेल्या माणसाला ऊन कळत नव्हतं का, हा सवाल मी स्वतःची सुटका करून घ्यायला शंभरदा विचारला. पण दोन दिवस गार गेले होते, सकाळही गार होती, आणि त्यानं नेहमीची कळशी न नेता एक लहान बाटली नेली. ती नेताना मी बघितली होती.

दुपारी शेजारच्या शेतातल्या माणसाचा फोन आला. गेलो तेव्हा दादा हळदीच्या कडेला पडला होता. अंग तव्यागत तापलेलं, घामाचा टिपूस नाही, काहीतरी बरळत होता. मला ओळखलं नाही. जीपमध्ये घातला, सगळ्या वाटेनं मी त्याच्या तोंडावर पाणी शिंपडत होतो. परभणी यायच्या आधीच तो थंड पडला.

दुसऱ्या दिवशी तहसीलचे एक साहेब कागद घेऊन आले. विचारलं, "वीज पडली होती का?" मी म्हणालो, "नाही, ऊन." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "विजेचं असतं तर सरकारी मदतीसाठी काही लिहिता आलं असतं," म्हणाले. मी त्यांच्यावर असा ओरडलो की गल्ली गोळा झाली. लोकांना वाटलं, भावाच्या दुःखानं मास्तर वेडा झाला. बिचाऱ्या साहेबाचा काही दोष नव्हता. कुणावर तरी ओरडायचं होतं, तो सापडला.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर वहिनी माझ्यासाठी ताट घेऊन आली. ताट ठेवून तिथंच बसली.

"भाऊजी, त्या दिशी सकाळी तुमी मोबाईल बगत होता," ती म्हणाली. "हॉटेलातली माणसं म्हनायलीत, उनाचं अंदाजात आदीच सांगितलं हुतं म्हून. मी म्हनलं, खोटं हाय. तसं असतं तर आमच्या भाऊजींनी त्यास्नी जाऊच दिलं नसतं."

मी ताट पुढं ओढलं.

"नसतं जाऊ दिलं, वहिनी," मी म्हणालो, आणि जेवलो.