बुधवारच्या बाई

आमचे हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. सत्तावीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, "क्लच! अहो क्लच म्हणतोय मी, पायाला ऐकू येत नाही का तुमच्या?" असं ओरडत गावभर फिरले. काचा बंद असल्या तरी रस्त्यावरची माणसं वळून बघायची. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. घशाला गाठ आली तेव्हा मास्तरांना वाटलं, ओरडून ओरडून घसा बसलाय. दोन महिने मध चाटत बसले. मग डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं.

आता ह्यांचा श्वास गळ्यावरच्या बोटभर भोकातून चालतो. तिथली नळी काढून धुणं, कडा पुसणं, अंघोळीच्या वेळी पाणी आत जाऊ नये म्हणून हाताचा आडोसा धरणं, सुरुवातीला नाकातल्या नळीतून पातळ जेवण सोडणं, सगळं मी केलं. उपकार नाही केले, हौसेने केलं. मी कपडे शिवते, म्हणून भोकावर झाकायला बारा गळपट्ट्या शिवल्या. मऊ सुती, दुहेरी, एकेका शर्टाला शोभेल अशी एकेक. एवढं सगळं मी करायचं आणि बोलायला शिकवणार कोण? तर बाई!

बाई म्हणजे हॉस्पिटलमधल्या बोलण्याच्या वर्गाच्या शिक्षिका. अकरा वर्षांपूर्वी त्यांचंही हेच ऑपरेशन झालेलं. हवा गिळायची, ढेकर देऊन वर आणायची आणि त्या ढेकरावर शब्द बसवायचा, हे त्या दर बुधवारी शिकवतात. मला आधी हसूच फुटलं. तीस वर्षं जेवताना ह्यांनी ढेकर दिला की मी डोळे वटारायची, आणि आता त्याच ढेकराची शिकवणी!

हसू पहिल्याच बुधवारी जिरलं. मी दाराच्या काचेतून बघत होते. बाई काहीतरी म्हणाल्या, ह्यांनी बोलण्यासाठी जवळ बाळगलेल्या पाटीवर काहीतरी लिहिलं आणि दोघं हसायला लागली. आवाज नाही काही नाही, नुसते चार खांदे हलताहेत. ऑपरेशन झाल्यापासून माझ्यासमोर हा माणूस एकदाही हसला नव्हता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय एवढं हसत होता?" ह्यांनी पाटीवर लिहिलं, 'तुला नाही कळायचं.' का नाही कळायचं? माझ्या गळ्याला भोक नाही, एवढाच ना माझा गुन्हा!

पुढच्या आठवड्यात बाईंनी स्वतः विणलेली एक करडी गळपट्टी दिली. झालं, दर बुधवारी तीच. मी म्हटलं, "अहो, ह्या शर्टावर माझी निळी आहे ना." तर पाटी पुढे, 'ही टोचत नाही.' म्हणजे माझ्या टोचत होत्या! मग इतके दिवस सांगायला काय झालं होतं? पाटी होती की हातात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती करडी पट्टी मी धुवायला घ्यायची आणि तीन तीन दिवस भिजत ठेवायची. आटेल तर आटू दे मेली.

दोन महिन्यांनी एका सकाळी मी शिलाई मशीनवर बसले होते. हे आतल्या खोलीत आरशासमोर सराव करत होते. पा, टा, का, नेहमीचं. आणि एकदम मला शब्द ऐकू आला. खरा, पुरा शब्द. "बाय." थोडं थांबून पुन्हा, "बाय."

माझा पाय मशीनवरच थांबला. आवाज परत आला आणि पहिला शब्द कुठला, तर बाई! नळी धुतली मी, आडोसा धरला मी, आणि नाव निघालं तिचं. दुपारी लेकीने व्हिडिओ कॉल केला, तिच्यासमोरही तेच. तिला वाटलं, बाबा निरोप घेताहेत. तिने "बाय बाबा!" म्हणून फोन ठेवून दिला. हे खांदे हलवत हसले, आणि मला हाताने खूण केली, की थांब, अजून आहे. मी कशाला थांबते? तरातरा स्वयंपाकघरात गेले. हे मागोमाग आले, 'काय झालं?' लिहून उभे. सांगू तरी काय? पंचावन्नाव्या वर्षी एका ढेकराचा मला मत्सर वाटतो म्हणून?

ह्यांचा फोन ऑपरेशनपासून माझ्याकडेच असायचा. बाईंचा निरोप आला, 'या वेळी वर्ग बुधवारऐवजी गुरुवारी.' मी ह्यांच्या नावाने उत्तर दिलं, 'मी आता येणार नाही. घरीच सराव करेन.' आणि ह्यांना सांगितलं, "बाई बाहेरगावी गेल्यात. महिनाभर वर्ग बंद." लिहिताना वाईट वाटलं नाही मला. उलट बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिला आठवडा हे नेटाने आरशासमोर बसले. पण चूक दाखवायला कोणी नाही. हवा गिळायची ती पोटात जाऊन बसायची आणि पोट फुगायचं. दुसऱ्या आठवड्यात "बाय" पण निघेना, नुसता फुसका वारा. तिसऱ्या आठवड्यात ह्यांनी आरशाकडे पाठ केली ती केलीच. पाटीवरसुद्धा लिहीनात. मी काही विचारलं की हो किंवा नाही, मान हलवून. मला हवा होता तसा माणूस घरात बसला होता, अख्खा माझा, आणि तोंडातून अक्षर नाही.

एका संध्याकाळी हे फिरायला गेलेले असताना दार वाजलं. उघडलं तर बाई.

"मास्तर... का... थांबले?" प्रत्येक शब्दाला हवा गिळत त्या म्हणाल्या. "रागावले... का? तो एक... शब्द... जमेना... म्हणून?"

"कुठला शब्द?"

"पहिल्या... दिवशी... मी विचारते... कुठला शब्द... आधी हवा. मास्तरांनी... लिहिलं... बायको."

मी दाराची चौकट धरली.

"बाय... येतं," त्या म्हणाल्या. "को-ला... हवा... उरत नाही. आलंच... होतं. आणखी... दोन वर्ग..."

तीस वर्षं हा माणूस मला नावाने हाक मारत नाही. दुसऱ्यांचे नवरे 'अगं' म्हणतात, हे चारचौघांत, दुकानात, लेकीच्या लग्नातसुद्धा, "ए बायको!" आणि मला कळू नये?

बाई गेल्यावर हे आले. मी त्यांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. फोन, खोटा निरोप, भिजवून ठेवलेली पट्टी, सगळं. मी म्हटलं, "शिव्या तरी लिहा हो." ह्यांनी पाटी उचलली, परत ठेवली आणि बाहेर निघून गेले. तासाभराने आले. पाटीवर एवढंच लिहिलं, 'उद्या बुधवार.'

गेलो. बाईंनी मला आत बोलावलं, पण कुठल्या तोंडाने जाऊ? बाहेर बाकावर बसले. पाऊण तास पा, टा, का. मग दाराआडून आलं, "बायको." सलग, जोडून, मधे तूट नाही.

मला रडू आलं. आणि खरं सांगते, रडतानाच पोटात कळ उठली. माझा शब्द तिने समोर बसून ऐकला, मी दाराआडून. माझ्या करणीने ऐकला, हे ठाऊक होतं, तरी उठली.

दार उघडून हे बाहेर आले. घामाघूम. माझ्यासमोर उभे राहून हवा गिळली. "बाय." पुन्हा गिळली. काही नाही. मान लाल झाली, बाकांवरची माणसं बघायला लागली. मागून बाई पुढे झाल्या आणि ह्यांच्यासाठी शब्द पुरा करायला त्यांनी हवा घेतली.

"तुम्ही नका बोलू, बाई," मी म्हटलं. "तो माझा आहे."

आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले, तो येईपर्यंत.